अक्का, एकोणीस एप्रिलचा वाद राहिलाच

अक्का, तुमच्या शाळेत झालेल्या शोकसभेत मी बोलले नाही. रघूनं दोनदा माझ्याकडे पाहिलं, मुग्धानं कोपरानं ढोसलं, तरी उठले नाही. तुमच्या जुन्या मुख्याध्यापिका कन्नडमध्ये छान बोलल्या. तुमचा जन्म कुठला, किती वर्षं इतिहास शिकवलात, तुमच्या हाताखालून गेलेल्या मुली आज कुठं कुठं आहेत, सगळं त्यांनी सांगितलं आणि सगळं खरं होतं. पण ते तुमच्याविषयी बोलणं होतं, आणि मला तुमच्याशी बोलायचं होतं. माइकसमोर ते जमत नाही. आपलं बोलणं नेहमी भांडणातून सुरू व्हायचं, आणि भांडायला माणूस समोर लागतं.

आज दुपारी घर रिकामं आहे. मुग्धा ऑफिसला, आपली नात ईरा शाळेत. म्हटलं, बसावं.

लोकांना आपलं नातं सांगताना मला नेहमी हसू यायचं. माझ्या मुलीची सासू. विहीण. या शब्दात मानपानाची साडी आहे, रुसवा आहे, पंगतीतला टोमणा आहे. मैत्री कुठं आहे? आणि तरी मुग्धा-रघूच्या लग्नानंतर या शहरात माझ्याशी सगळ्यांत जास्त कोण बोललं असेल, तर तुम्ही. यशवंतपूरहून जे. पी. नगरला, मेट्रो सुरू झाल्यावर तर दर गुरुवारी. पिशवीत चिक्कूच्या खाली एखादं जुनं मासिक, आणि दारातच पहिलं वाक्य: "शालू, आज काय झालं होतं ठाऊक आहे का?"

आज काय झालं होतं, हा तुमचा जन्मभराचा प्रश्न. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर तुम्ही रोज प्रार्थनेआधी एक ओळ लिहायचा. कुठं तह झाला, कुठं धरण बांधून पुरं झालं, कुठल्या देशात बायकांना मत द्यायचा हक्क मिळाला. निवृत्तीनंतर फळा सुटला आणि आमचा कुटुंबाचा ग्रुप तुमच्या तावडीत सापडला. रोज सकाळी, दुधाच्याही आधी, तुमचा दिनविशेष. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "अक्का, पृथ्वी फिरून त्याच जागी आली म्हणून घडलेलं काही परत येतं का?"

"घडलेलं येत नाही," तुम्ही म्हणालात. "आपणच जातो की स्वल्प तिथंवर."

त्यावर मी विषय बदलून तुमच्या मराठीवर, त्या 'स्वल्प'वर घसरले. ते माझं नेहमीचं शस्त्र. पहिल्या भेटीपासूनचं.

ती भेट आठवते? लग्नाची बोलणी करायला तुम्ही एकट्याच आला होतात. रघूचे वडील त्याच्या लहानपणीच गेलेले, भावांना बरोबर आणायचं तुम्हाला पटलं नव्हतं. आमचे हे जुन्या वळणाचे. त्यांनी देण्याघेण्याचा विषय अडखळत काढला. तुम्ही हात हलवून म्हणालात, "बिडी, बिडी." आमच्या ह्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "माफ करा, आमच्या घरात कोणी ओढत नाही." रघू हसून हसून लाल झाला, आणि मग त्यानं सांगितलं की कन्नडमध्ये 'बिडी' म्हणजे 'सोडा हो'. देण्याघेण्याचं सोडून द्या, असं तुम्ही म्हणत होतात. त्या एका शब्दात लग्न ठरलं.

पण मी गप्प बसणारी नव्हते. चहा देताना मी म्हटलं, की तुमच्या मराठीत बरीच कन्नड मिसळली आहे. तुम्ही कप खाली ठेवलात. "आमची माणसं सतराव्या शतकात फौजेबरोबर इथं आली, शालिनीबाई. तुम्ही सत्तरच्या पुढं नोकरीला आलात. आता मला सांगा, जुनी मराठी कुणाची?" आणि मग, मी उत्तर द्यायच्या आत, "चहा मात्र तुमचाच चांगला. आमच्यात कॉफी."

मुहूर्त मी पंचांगात पाहिला. तुम्ही तो मान्य केलात, पण घरी जाऊन तपासलात आणि फोन केलात: "त्या तारखेला जगात कुठं लढाई सुरू झालेली दिसत नाही. सरी, चालेल."

मग लग्नानंतरचा पहिला एप्रिल आला. आपलं खरं भांडण तिथं सुरू झालं.

मी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये काम केलं होतं, हे रघूला मुग्धानं सांगितलं असणार, आणि त्यानं तुम्हाला. एकोणीस एप्रिलला सकाळी ग्रुपवर तुमची ओळ आली: आज १९७५ साली आपल्या देशाचा पहिला उपग्रह आकाशात गेला. आणि खाली, 'आमच्या विहीणबाईंचे हात त्याला लागले होते.' पाठोपाठ नमस्कार, झेंडे, फुलं. सांगलीची मावसभावंडं, पुण्याचे दीर, सगळ्यांना एकदम माझा अभिमान वाटायला लागला. मी तुम्हाला फोन केला आणि नीट नमस्कारही न करता म्हटलं, "अक्का, ते पुसून टाका."

"का? खोटं आहे का?"

"अर्धं आहे."

तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका. अर्धं म्हटल्यावर तुम्ही सोडणार नव्हतात. मग मी सांगितलं की तो वर गेला आणि थोड्याच दिवसांत आतल्या प्रयोगांची वीज बंद पडली. ज्यासाठी पाठवला, ते काम त्यानं केलं नाही. जाण्याचा दिवस सगळे साजरा करतात, त्या दुसऱ्या दिवसाचं नाव कोणी काढत नाही.

"मग दोन्ही लिहू," तुम्ही म्हणालात.

"एकही लिहू नका."

आपला वाद हा एवढाच होता, अक्का. तुम्हाला दोन्ही दिवस लिहायचे होते आणि मला एकही नको होता. मग दर एप्रिलला तो नव्यानं पेटायचा. तुम्ही माझ्याखातर माझं नाव लिहायचं सोडलंत, पण एकोणीस तारीख सोडली नाहीत. आणि दरवर्षी त्या दिवशी न चुकता ओब्बट्टू घेऊन यायचात. त्याला मी पुरणपोळी म्हणायची आणि तुम्ही म्हणायचा, पुरणपोळी मऊ असते, हा ओब्बट्टू आहे, नीट चाव.

आमचे हे गेले, त्याच्या पुढच्या एप्रिलची गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. त्या एकोणीस तारखेला तुम्ही सकाळीच आलात, रिकाम्या हातानं. म्हणालात, चप्पल घाला. मला वाटलं बनशंकरीच्या देवळात न्यायचंय. तुम्ही मला मेट्रोत बसवलंत. बनशंकरी गेलं, मॅजेस्टिक गेलं, तुमचं यशवंतपूरही आलं. मी म्हटलं, "अक्का, तुमचं स्टेशन." तुम्ही जागच्या हलला नाहीत. "आज तुमचं आहे."

आपण पीण्याला उतरलो. मी ज्या पीण्याला सायकलवर जायची, तिथं मधेमधे मोकळी माळरानं होती. आता रस्ता कुठला आणि कारखाना कुठला, कळेना. तुम्ही रिक्षावाल्याला कन्नडमध्ये विचारलंत, इथं जुन्या शेड कुठं आहेत. "एल्ला शेडे इल्ली," तो म्हणाला. इथं सगळ्या शेडच आहेत. मग आपण चालत निघालो. लेथचा आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाचा वास. एका फाटकापाशी मला वाटलं, हीच ती गल्ली. पहारेकरी उत्तरेकडचा होता. त्यानं हिंदीत विचारलं, काय हवंय, माताजी. तुम्ही ऐटीत सांगितलंत, "सॅटेलाइट." त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, टीव्हीवाला दुकान पुढच्या चौकात आहे.

तुम्ही इतक्या हसलात की मलाही हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडेच वळलं. तुम्ही मला कोपऱ्यावरच्या कॉफीच्या टपरीपाशी बाकावर बसवलंत. तुम्हाला प्रश्न न विचारता बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

मग मी बोलले.

तेव्हा मी नुकती बाविशीत आले होते. मिरजेहून डिप्लोमा करून आलेली, वसतिगृहात राहणारी. हात स्थिर म्हणून मला तारा जोडायच्या कामाला बसवलं होतं. वर अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा, अंगावर पांढरा कोट, डोक्यावर टोपी, समोर भिंग. जोड देताना श्वाससुद्धा रोखून धरायचा. संध्याकाळी डोळे मिटले तरी तारा दिसायच्या. तो दूर परदेशातल्या तळावरून उडाला आणि सिग्नल आल्याचं कळलं, तेव्हा आम्ही मुलींनी एकमेकींचे हात धरले होते. कोणीतरी म्हैसूरपाक आणला होता. मिरजेला माझ्या बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

आणि मग काही दिवसांनी ती बातमी. कोणी कोणाला बोललं नाही, दोष दिला नाही. आमचे साहेब एवढंच म्हणाले, "फिरतोय तो. पण आपण विचारलेलं सांगणार नाही." मला मात्र वाटत राहिलं, कुठला जोड? मी दिलेला असेल का? तसं काही नव्हतं. ती वेगळीच बाजू होती, हे मला पुढं समजावूनही सांगितलं गेलं. पण बावीस वर्षांच्या मुलीला समजावून सांगितलेलं पटत नाही.

मे महिन्यात रजेवर मिरजेला गेले. बाबा रोज जेवण झाल्यावर मला गच्चीवर न्यायचे आणि विचारायचे, "शालू, आत्ता कुठं असेल गं तो?" मी हात उचलून कुठंतरी दाखवायची. कधी दंडोबाच्या डोंगराच्या बाजूला, कधी स्टेशनवर. ते तिकडं बघत उभे राहायचे. "फिरतोय ना?" "फिरतोय, बाबा." ते खरंच होतं. पण तो गप्प झालाय, हे मी त्यांना सांगितलं नाही. एकाही संध्याकाळी नाही. दुसऱ्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या मनात तो शेवटपर्यंत बोलत होता, आणि मला वाटायचं, तेवढं तरी बरं झालं.

तुम्ही कॉफी संपवलीत. पेला उपडा करून ठेवलात. मग हळू आवाजात विचारलंत, "वडील पेपर वाचायचे का हो?"

"रोज. वाचनालयात जाऊन. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत."

"मग त्यांना ठाऊक होतं, शालू. पेपरात आलंच होतं ते. मी वर्गात दाखवायला ती कात्रणं जमवलीत."

मी म्हटलं, "मग ते मला रोज का विचारायचे?"

"तुम्ही गप्प होतात म्हणून."

अक्का, त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, तुम्ही माझ्या बाबांना कधी पाहिलंसुद्धा नाही. तुम्ही इतिहासवाले अंदाज करता आणि त्यालाच पुरावा म्हणता. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अंदाजच आहे. पण दोन्ही दिवसांचं नाव घ्यायची रीत घरात असती, तर बाप-लेक गच्चीवर उभे राहून वेगवेगळं आभाळ बघत बसले नसते."

परतीच्या गाडीत मी तुमच्याकडे पाठ करून बसले. यशवंतपूरला तुम्ही उतरलात, दारातून वळून म्हणालात, "घरी पोचल्यावर सांगा." मी नाही सांगितलं. चार-पाच दिवस मी तुमचा फोन उचलला नाही. मग तुम्ही रघूबरोबर बदामी आंब्यांची पेटी पाठवलीत, आणि मी नाइलाजानं फोन केला, की या आंब्यांना हापूसची सर नाही. "सरी," तुम्ही म्हणालात, "आता बरं वाटलं."

त्या दिवसानंतर मी किती वेळा गच्चीवरचे बाबा आठवून पाहिले, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही डोक्यात घातलेलं ते निघेना. आणि हळूहळू आठवलं की ते विचारायचे तेव्हा आभाळाकडे बघत नसायचे. माझ्याकडे बघायचे. मी हात उचलला की मग तिकडं मान वळवायचे. 'फिरतोय ना' विचारताना त्यांचा आवाज उत्सुक नसायचा, आजारी माणसाच्या उशाशी बसून विचारावं तसा असायचा. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी बाबांना सांभाळलं. ते मला सांभाळत होते. एवढी मोठी गोष्ट तुम्ही मला टपरीवर बसून दिलीत, आणि मी तुम्हाला आंब्यांवरून बोलले.

यंदा मार्चमध्ये तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा सांगणार होते. शब्द जुळवूनच आले होते. पण तुम्ही इतक्या लहान दिसत होतात त्या पलंगावर, की मी फक्त पांघरूण सारखं करत राहिले. तुम्हीच म्हणालात, "यंदा एप्रिलचं तुम्ही लिहा. दोन्ही."

मी म्हटलं, "बऱ्या व्हा, मग बघू."

"आणि ते तुम्ही-तुम्ही पुरे झालं. मी तुला शालू म्हणते, बोलण्याच्या भरात तुम्हीही म्हणते. तू एकदा तरी मला तू म्हण की."

मी हसले. म्हटलं, विहिणीला अगं-तुगं केलेलं आमच्याकडे चालत नाही. तुम्ही डोळे मिटलेत. नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं, आणि मी गेले. त्यानंतर तुम्ही शुद्धीवर होतात तो एकच दिवस, आणि तो रघूच्या वाट्याला आला. तसाच यायला हवा होता.

तू कशी आहेस, अक्का?

बघा, लिहून पाहिलं. हात अडतो अजून.

एकोणीस एप्रिलला मी पहाटेच उठले. ग्रुप उघडला. तुमच्यानंतर तिथं कोणी काही टाकत नाही. मी लिहिलं: आज १९७५ साली आपला पहिला उपग्रह आकाशात गेला. मी त्याच्या तारा जोडल्या होत्या. आणि त्या आठवड्यातच, ठरलेल्या दिवशी, दुसरी ओळ लिहिली: आज तो आपल्याशी नीट बोलेनासा झाला. आम्हाला फार वाईट वाटलं होतं. माझ्या बाबांनाही.

नमस्कार, झेंडे, फुलं काही आलं नाही. बऱ्याच वेळानं मुग्धाचा फोन आला, ऑफिसच्या जिन्यातून. "आई, आजोबांचं काय? हे तू मला कधी सांगितलं नाहीस." मग मी तिला गच्ची सांगितली. ती जिन्यातच बसून राहिली आणि मी इकडे स्वयंपाकघरात ओट्याला टेकून. माझी लेक आणि मी इतकं बोललेलो मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर माझा हात सवयीनं तुमच्या नावावर गेला. तुम्हाला सांगायला, की तुमचं खरं ठरलं, दोन्ही लिहिले की माणसं बोलतात. नावापुढं तो तुमचा जुना फोटो, खडू धरलेल्या बोटांचा.

तर त्या वादात मी हरले, हे मान्य. पण अक्का, परवा पुन्हा जुंपली असती आपली.

रघूनं तुमचा फोटो मोठा करून घेतला. हॉलमध्ये लावायला. चौकटवाल्याकडे मीही बरोबर गेले होते, आमच्या घराजवळच आहे दुकान. तो चांगला माणूस, वही पुढं ओढून त्यानं कन्नडमध्ये विचारलं, खाली नाव काय लिहायचं, जन्माची तारीख कुठली. रघूनं सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि विचारलं, दुसरी तारीख?

रघू सांगणार होता. त्याचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मी काउंटरवर हात ठेवला आणि म्हटलं, "बेडा." नको. माझ्या कन्नडमध्ये एवढंच आलं.

दुकानदारानं रघूकडे पाहिलं. रघू माझ्याकडे वळला. तुमच्याच डोळ्यांनी बघतो तो, तुम्हाला ठाऊक आहे. हळूच म्हणाला, "अत्ते, अम्मा असती तर म्हणाली असती, दोन्ही लिही."

"ती असती," मी म्हटलं, "तर लिहिलं असतं."